मावशी, ते बिस्किटांचे पुडे घरीच ठेव

माझी मावशी दिवाळीनंतर अंदमानला चालली आहे. सावरकरांची कोठडी बघायची ही तिची फार जुनी इच्छा. परवा तिने घरच्या ग्रुपवर ‘अंदमानला जाण्याआधी हे वाचाच’ असा एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, “ग्लुकोज बिस्किटांचे किती पुडे नेऊ?”

फॉरवर्ड पूर्ण वाचला आणि डोकं फिरलं. म्हणे, इंग्रज येईपर्यंत बेटं ओसाड होती. तिथले जारवा आदिवासी म्हणजे बुडालेल्या जहाजातून वाचलेले आफ्रिकन गुलाम. सेंटिनेल बेटावरचे सेंटिनेली आदिवासी माणसांना खातात. रस्त्यात जारवा दिसले की खाऊ द्या, खूश होतात. आणि सरकारने त्यांना जंगलात डांबण्यापेक्षा मुख्य प्रवाहात आणावं.

ओसाड बेटापासून सुरुवात करू. 1858 मध्ये इंग्रजांनी सत्तावनच्या उठावातले कैदी तिथे नेले आणि वसाहतीसाठी जंगल तोडायला लागले. मे 1859 मध्ये ग्रेट अंदमानी या तिथल्या मूळ रहिवाशांनी त्या वसाहतीवर हल्ला केला. अ‍ॅबर्डीनची लढाई म्हणतात तिला. बेट ओसाड होतं तर बाण कोण सोडत होतं? हल्ला फसला, कारण आगाऊ खबर मिळाली होती. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी वर्षभर अंदमानींमध्ये राहिला, त्यांचं खाल्लं, तिथे लग्नंही केली, आणि हल्ल्याआधी इंग्रजांकडे येऊन सगळं सांगून मोकळा झाला. त्याला माफी मिळाली. सत्तावनचा शिपाई होता हा. आपल्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत हे पान कुणी वाचत नाही. त्या लढाईचं स्मारक पोर्ट ब्लेअरच्या वॉटर स्पोर्ट्स संकुलातच आहे. तिथूनच रॉस बेटाच्या बोटी सुटतात आणि लोक तिकिटाच्या रांगेत पाठमोरे उभे असतात.

गुलामांच्या जहाजाची कथा इंग्रजांच्या काळापासून फिरते आहे. तिथल्या लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे अंदमानात सापडलेले उकिरडे दोन हजार वर्षांहून जुने आहेत. तेव्हा कुठली आली गुलामांची युरोपीय जहाजं? शिवाय 2005 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ओंगी (तिथलीच आणखी एक जमात) आणि ग्रेट अंदमानींचा डीएनए तपासला, तर हे लोक हजारो वर्षं इतरांपासून वेगळे राहिलेले निघाले. विषय संपला.

नरभक्षकाचं तर मार्को पोलोपासून चालू आहे. त्याने कुत्र्याच्या तोंडाची माणसंही लिहिली होती, ती मात्र आता फॉरवर्डमध्ये येत नाहीत. सेंटिनेलींनी 2006 मध्ये दोन मच्छीमारांना मारलं आणि 2018 मध्ये एका अमेरिकन धर्मप्रचारकाला. तिघांनाही त्यांनी किनाऱ्यावर वाळूत पुरलं.

आता बिस्किटं. सगळा राग इथेच आहे माझा.

मॉरिस पोर्टमन हा इंग्रजांचा अंदमानींवरचा अधिकारी. त्याने 1899 मध्ये दोन खंड लिहिले आणि त्यात स्वतःच्याच सरकारचे पराक्रम नोंदवून ठेवले. 1863 पासून ‘अंदमान होम’ काढली होती. तिथे अंदमानींना खायला द्यायचं, कपडे घालायचे, तंबाखू द्यायची, म्हणजे ते माणसाळतील. त्या मायेतून उपदंश पसरला, आणि 1877 मध्ये गोवर आला तो गावंच्या गावं घेऊन गेला. 1880 मध्ये याच पोर्टमनने सेंटिनेल बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला आणली. सगळे भराभर आजारी पडले, म्हातारा-म्हातारी मेली. मुलांना भेटवस्तूंचे ढीग देऊन परत सोडलं. हे त्याने स्वतः लिहिलंय. सेंटिनेली बाण का मारतात, असं फॉरवर्डवाल्याला कोडं पडलंय.

1858 ला ग्रेट अंदमानी काही हजार होते. 1961 च्या जनगणनेत 19 उरले. एकोणीस, मावशी. आपल्या ग्रुपवर त्याहून जास्त माणसं आहेत.

आणि हे फक्त इंग्रजांचं पाप नाही. अंदमान ट्रंक रोड आपण बांधला, जारवांच्या राखीव जंगलातून. 1998 च्या सुमारास जारवा रस्त्यावर यायला लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. 2006 मध्ये पुन्हा. जंगलातून जाणारा भाग बंद करा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2002 चा. रस्ता आजही चालू आहे. 2012 मध्ये ज्या व्हिडिओने जगभर नाचक्की झाली, त्यात जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावलं होतं. तुझा पुडा त्याच रांगेतला. शिवाय तो गुन्हा आहे, फोटोसुद्धा, आणि शिक्षा तुरुंगाची.

शेवटच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. त्यांना काय हवंय हे कुणी विचारत नाही, हे खरंच. पण ‘मुख्य प्रवाहात आणा’ म्हणणाराही कुठे विचारतोय? त्याच द्वीपसमूहातल्या ग्रेट निकोबार बेटाच्या आदिवासी परिषदेने बंदर-विमानतळ-शहराच्या प्रकल्पाला आधी दिलेली संमती नोव्हेंबर 2022 मध्ये लेखी मागे घेतली. प्रकल्प थांबला नाही. म्हणजे बोलले तरी ऐकायचं नाही. ‘जारवा’ हे नावसुद्धा त्यांचं नाही. ग्रेट अंदमानींच्या एका भाषेत त्याचा अर्थ परका. ते स्वतःला ‘अंग’ म्हणतात, आणि आपण त्यांच्या लेखी ‘ईनेन’, बाहेरचे. ग्रेट अंदमानींकडे बाहेरच्या माणसासाठी ‘लाओ’ असा शब्द आहे. भुतालाही तोच.

मावशीने हे वाचून आधी अंगठा पाठवला. मग विचारलं, “कोठडी तर बघू ना?” बघ की. तिथे जायला जारवांचं जंगल लागत नाही. जंगल लागतं ते बाराटांग बेटावरच्या चुनखडी गुहा बघायच्या दिवशी. पहाटे तीनला उठवतात, जंगलाच्या तोंडाशी जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांचा ताफा लावतात आणि सगळे खिडकीला नाक लावून बसतात.

काल तिने टूरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तो दिवस वगळला तरी पैसे परत मिळणार नाहीत. ती म्हणाली, नकोत.