टोयोटा पिकअपचा पुढचा ॲक्सल: '७९ ते '९५ सगळं एकच नाही

अमेरिकेत विकल्या गेलेल्या जुन्या फोर बाय फोर टोयोटा पिकअपबद्दल एक विधान फिरतंय: १९७९ ते १९९५ पर्यंतच्या कोणत्याही गाडीचे पुढच्या ॲक्सलचे भाग एकमेकांना बसतात. हे चूक आहे. शिवाय महागात पडणारं.

१९८५ पर्यंत पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे होते. १९८६ पासून टॉर्शन बारवालं (पाट्यांऐवजी पिळाने स्प्रिंगचं काम करणारी सळई) स्वतंत्र सस्पेन्शन आलं. त्यामुळे ॲक्सलची नळी, नकल (चाक वळवणारा टोकाचा सांधा), आतले शाफ्ट यांची अदलाबदल विसरा. डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) वेगळं. जुन्या गाडीत पुढे-मागे ८ इंची गिअर, आणि चार सिलिंडरच्या गाडीत पुढच्या डिफरन्शियलचा गोळा मागेही चालतो. नंतरच्या गाडीत पुढे साडेसात इंची. भंगारवाला "टोयोटाचाच आहे" म्हणेल. त्याचं बरोबरच आहे, पण तो भाग तुमच्या गाडीला बसणार नाही.

मग अफवा आली कुठून? काही बाहेरचे भाग खरोखर बसतात. '८६ नंतरचे हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) जुन्या ॲक्सलवर चढतात आणि प्रत्येक बाजूला चाक साधारण दीड इंच बाहेर येतं. मात्र त्यांच्याबरोबर योग्य ब्रेक डिस्क शोधावी लागते. व्ही-सिक्स इंजिनवाल्या गाडीचे मोठे ब्रेक कॅलिपरही जुन्या नकलवर लागतात, फक्त डिस्कच्या मागचा पत्रा थोडा कापावा लागतो. नंतरच्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्सही लोक जुन्या गाडीला लावतात, पण त्यासाठी वेगळे स्टिअरिंग आर्म घ्यावे लागतात.

तेव्हा सुटा भाग घेताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. वर्ष सांगा, आणि पुढे पाटे आहेत की टॉर्शन बार, ते आधी वाकून बघा.