अंगठा आणू कुठून?

आज परत तारीख होती. परत मॅटर बोर्डावर आलंच नाही. धाकट्या भावाचा खाडा झाला तो वेगळाच.

त्याचा डावा अंगठा पॉवर प्रेसमध्ये मुळापासून गेला. कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला म्हणजे कमाईची ताकद ३० टक्के गेली. शर्टाची बटणं लावून द्यायला आता बायको लागते, त्याचे टक्के कुठेच नाहीत. बरं, तेही सोडा. कंपनीनं पहिल्याच नोटिशीला कानावर हात ठेवले: हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे. अहो, कलम १२ वाचा की! भरपाई मूळ मालकानं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. कायदा १९२३ चा, शंभरी उलटली त्याची; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली, पण आमचं मॅटर त्याआधीचं. कंपनीच्या वकिलाला हे माहीत नसेल? चांगलं माहीत असतं. वेळ काढायचा असतो फक्त.

भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा असं त्या कायद्यातच आहे. आमची साडेतीन वर्षं गेली. निकाल आमच्या बाजूनं लागला, वर १२ टक्के व्याजही. आणि अपिलाच्या ६० दिवसांतले दोन उरले असताना मालकाची विमा कंपनी हायकोर्टात! अपिलाआधी रक्कम भरावी लागते, ती भरली त्यांनी. म्हटलं चला, पैसे तरी सुटतील. कसले सुटतात! अपील चालू आहे तोवर रक्कम अडवता येते. म्हणजे पैसे आमचे, पडून तिकडे, आणि इकडे उधारी.

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? हे अपील म्हणे फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. आयुक्तांनी भरपाई काढताना पगार कमी धरला, त्यावर आपणही जाऊ म्हटलं, तर आमचेच वकील म्हणाले, "तो वस्तुस्थितीचा प्रश्न, टिकणार नाही." आणि हा कामगार होता की नव्हता, जे हजेरी कार्डावर ढळढळीत दिसतंय, ते त्यांनी मांडलं की झाला कायद्याचा प्रश्न! गाळणी एकच, आमचंच तेवढं अडकतं.

निदान अर्धी रक्कम तरी काढू द्या म्हणून आज अर्ज दिला. सही केली होती, तरी कारकुनानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. "डावा अंगठा."

भावानं हात पुढे केला. कारकून दोन क्षण बघत राहिला. मग म्हणाला, "असं असेल तर तसं वकिलांकडून लिहून आणा. पुढच्या तारखेला."