‘हे तर माझा नातूही करतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

चित्रकार तय्यब मेहता माणसाची आकृती तिरकी छेदून दुःख कसं दाखवत, यावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या लेखावरची चुकून इथे येऊन पडली.

आधी माझी चूक. तय्यब मेहतांच्या कर्णरेषेच्या, म्हणजे चित्र तिरकं छेदणाऱ्या रेषेच्या, मालिकेचं वर्ष मी १९६८ लिहिलं होतं. १९६८ला ते रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. ती चित्रं १९६९पासूनची. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते वाक्य : ‘माणसाचे तुकडे करून मांडले की दुःख दिसतं, हे थोतांड आहे, माझा पाच वर्षांचा नातू कात्रीने हेच करतो.’ मतभेद जरूर असावेत. पण चहाला बोलावलेल्या घरी पाहुण्याने आधी बशी फोडायची, ही कुठली रीत? ‘पटलं नाही’ एवढं लिहून भागलं असतं.

वीस वर्षं हेच शिकवतोय, म्हणून सांगतो. नातवाला एवढं करायला सांगा. आधी कोळशाने पूर्ण आकृती काढायची. पूर्ण, तुकड्यांपासून सुरुवात करणारा तिथेच फसतो. मग ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून डाव्या खांद्यापासून उजव्या मांडीपर्यंत एकच तिरका छेद द्यायचा आणि खालचा भाग छेदाच्याच रेषेवरून सरकवायचा. दीड फुटी कागदावर अर्धा सेंटिमीटर सरकवला, तर बघणाऱ्याला हात चुकल्यासारखा वाटतो. तीनेक सेंटिमीटरला डोळा दोन्ही भाग जोडू पाहतो आणि ते जुळत नाहीत. ती कळ तिथली आहे. दहा सेंटिमीटरला दोन वेगळी माणसं होतात, मग कसली भावना! आणि तुकडे एका मापाचे पडले की फरशीची नक्षी. नातवाचं बहुधा तेच होत असणार.

छेद सांध्यातून नेऊ नये. कोपर, गुडघा तसेही दुमडतात. तिथे कापलं की कळसूत्री बाहुली दिसते. दंडाच्या मधोमध कापा, बघणाऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या दंडाकडे जातो. तय्यब मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकायला येण्याआधी सिनेमाच्या संकलनाचं काम करत होते. कुठे कापायचं ही नजर त्यांना तिथूनच आली असावी, असं माझं मत. हेही थोतांड म्हणा हवं तर.

आणि त्यांचे ते सपाट रंग, ज्यांना तुम्ही ‘भिंत रंगवणं’ म्हणालात! छटा देऊन गोलाई आणली की तुकडा पुन्हा मांसल होतो, छेदाची धार जाते. ॲक्रिलिकमध्ये ही धार मास्किंग टेपने येते, पण टेप चिकटवून थेट वरचा रंग लावलात तर तो खाली झिरपतो आणि कापलेली रेघ कुरतडल्यासारखी दिसते. आधी टेपच्या कडेवरून खालच्याच रंगाचा पातळ हात मारायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग वरचा रंग. टेप रंग ओलसर असतानाच काढायची.

‘तय्यब अमूर्त चित्रकार नव्हतेच’ असंही तुमचं एक वाक्य आहे. तो वाद जुना आहे, इथे नको. लेखातले फोटो अंधारे आहेत, मान्य.

नातवाला आशीर्वाद. मुलांच्या गोलटोकी कात्रीने ट्रेसिंग पेपर चुरगळतो. कटर तुम्ही धरा.