पाच मिनिटांचं काम

प्रोग्रॅममधल्या क्लासचं, म्हणजे कोडच्या एका कप्प्याचं, नाव बदलणं हे काम सांगणाऱ्याला नेहमी पाच मिनिटांचं वाटतं. सांगणारा ते स्वतः कधीच करत नसतो.

देवगडला घरी बसून मी एका आंबा बागायतदाराचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे, आणि लिहिलंय त्यांच्या मुंबईच्या भाच्याने. भाचा आता कॅनडात, कोड मात्र इथेच. मुळात क्लास एकच होता, 'आंबापेटी'. डझन, हमाली, वाशीचं भाडं, दलाली, सगळं त्याच्या पोटात. मग मालकांना काजूचाही हिशेब हवा झाला. भाच्याने आंबापेटीची फाइल कॉपी केली, विंडोजने आपणहून चिकटवलेलं 'कॉपी' हे शेपूट छाटलं आणि नाव दिलं 'काजूपोतं'.

जावात पब्लिक क्लास आणि त्याची फाइल यांचं नाव अक्षरन् अक्षर एकच लागतं. आत अजून आंबापेटीच, म्हणून कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राला समजेलसा करून देणारा प्रोग्रॅम, ओरडला. भाच्याने तेवढं नाव बदललं. जिथे कोणी ओरडलं नाही, तिथे कशालाच हात लावला नाही. लॉग, म्हणजे काय बिघडलं त्याची नोंद, लिहिणाऱ्या ओळीत आंबापेटी तशीच राहिली. परिणाम असा, की काजूच्या वजनात घोळ झाला की बोंब उठायची आंब्याच्या नावाने. मी आंब्याचा कोड उलटापालटा करून बघणार, आणि तो बिचारा निर्दोष! आरडाओरडा करणारी कॉपी परवडली. ही मुकाट चालणारी जात फार वाईट.

वास्तविक कोड लिहायचे चांगले एडिटर यातून वाचवतात. इंटेलिजे किंवा एक्लिप्समध्ये, एडिटरच्या आतूनच क्लास कॉपी केला तर तो नवं नाव विचारतो आणि फाइलच्या आतही बदलून देतो. पण भाच्याचा विश्वास माऊसच्या उजव्या बटणावर.

पुढे मालकांनी लाकडी पेट्या सोडून प्लास्टिकचे क्रेट आणले. भाच्याने अख्ख्या प्रोजेक्टमध्ये 'पेटी' शोधून सगळीकडे 'क्रेट' केलं. आता, दर पावतीतून ग्रामदेवतेसाठी थोडी रक्कम बाजूला काढायची मालकांची जुनी पद्धत. त्या रकान्याचं नाव होतं दानपेटी. ते झालं दानक्रेट.

माझी पाळी आली ती यानंतर. क्रेट गेले, पुठ्ठ्याचे खोके आले. मालक म्हणाले, "क्रेटचा खोका कर, पाच मिनटाचा काम." मग त्यांच्याच लक्षात आलं, की पावतीवर 'एकूण ५० खोके' असं छापून गेलं तर महाराष्ट्रात कोणी सरळ चेहऱ्याने पैसे देणार नाही. तेव्हा बॉक्स ठरला.

मी शोधून-बदलण्याच्या वाटेला गेलो नाही. रिनेमची रीतसर सोय वापरली. व्हीएस कोडला एफ टू, इंटेलिजेला शिफ्ट आणि एफ सिक्स. एडिटर कोड समजून घेऊन फक्त त्या क्लासचे उल्लेख बदलतो, फाइलचं नावही बदलतो. दानक्रेटला धक्का लागत नाही. पण अवतरणचिन्हांत लिहिलेलं नाव आणि डेटाबेसमधल्या टेबलाचं नाव ही त्याच्या लेखी नुसती अक्षरं. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबा अजून हयात आहेत, तशी डेटाबेसमध्ये आंबापेटी सुखाने नांदत होती. भाच्याची नजरही तिथवर पोचली नव्हती.

आबा ओटीवरून विचारायला लागले, "रे, एक नाव बदलूक सगळी सांज लागता?"

"आबा, सातबाऱ्यावरचां नाव बदलूक किती वर्सां लागली?"

"अजून खंय बदललां?"

विषय तिथेच संपला.

त्यात इंग्रजी अक्षरांचा लहानमोठेपणा. बॉक्समधला 'बी' मी लहानाचा कॅपिटल केला. विंडोजच्या लेखी दोन्ही एकच फाइल, त्यामुळे गिटने, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, नाव बदलल्याची दखलच घेतली नाही. लिनक्सच्या सर्व्हरवर मात्र लहान बी वेगळा, मोठा वेगळा. माझ्याकडे सगळं सुरळीत, तिकडे कंपायलर अडून बसलेला. उपाय हा, की आधी फाइलला भलतंच तिसरं नाव द्यायचं, ते गिटमध्ये नोंदवायचं आणि मग खरं नाव द्यायचं.

आणि गिटची आणखी एक गंमत. नाव बदलल्याची नोंद ते ठेवतच नाही. जुनी फाइल गेली, नवी आली, आणि दोन्हींतला निदान ५० टक्के मजकूर जुळतोय, एवढ्यावर ते अंदाज बांधतं की नाव बदललं असावं. इथे आंबा, काजू, कोकम या तिन्ही फाइली एकाच आईच्या लेकी. त्यामुळे इतिहास उघडून बघितला तर आमच्या हापूसचं सरळ कोकम झालेलं. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते गिटला कोण सांगणार?

सगळं निस्तरल्यावर मी मालकांना फोन केला. म्हटलं, "काका, आता तो दानक्रेटही दुरुस्त करून टाकतो."

"नको रे हात लावू," ते म्हणाले. "देवळातल्या पेटीची चावी हरवली ना, तेव्हापासून मानकऱ्यांनी थंय खराखुरो क्रेटच ठेवल्यानी हा."