तळ्यातलं भोक

परवाच्या रविवारी माझ्या चित्रात एका मामांनी रंग भरला. कागद माझा, ब्रश माझा, पाणीही माझंच, आणि वर मलाच म्हणाले, "असू दे, थँक्स कशाला?" मी थँक्स म्हटलेलंच नव्हतं.

चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं म्हणून किल्ला तलावाच्या काठी जाऊन बसलो होतो. बेळगावात जुलैमध्ये जलरंग करणं म्हणजे ओल्या टॉवेलनं अंग पुसणं. आकाशाचा एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळायला अर्धा तास. तोवर हात बांधून बसायचं, आणि बघ्यांना नेमका हाच अर्धा तास सापडतो.

मामा स्कूटर लावून आले. काखेत छत्री, हातात कोथिंबिरीची जुडी.

"काय करूलालाय वो सर?"

"चित्र."

"व्हय, ते दिसूलालंय. कशाचं?"

समोर तळं, कागदावर तळं. म्हटलं, "तळ्याचं."

"मग झेंडा कुठाय?"

तळ्याकाठी २०१८ साली ११० मीटर उंचीचा खांब उभारलाय. माझा कागद ११ बाय १५ इंच. एवढा खांब घ्यायचा तर तळ्याची बशी होईल, असं मी समजावून सांगितलं.

"तसं न्हवं. खांब नाही म्हणजे बेळगाव म्हणून कुणाला कळणार वो? हैदराबादचं बी असेल."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मग त्यांनी रंगांचा डबा तपासला, तपासनाक्यावर गाडीची डिकी तपासतात तसा. पांढऱ्याची ट्यूब उचलली. "ही फोडलाच नाही की!" ती चायनीज व्हाइट. विन्सर अँड न्यूटन या रंगकंपनीनं १८३४ साली बाजारात आणला, सेटमध्ये येतो म्हणून माझ्याकडे आहे. मी म्हटलं, जलरंगात पांढरा लावत नाहीत मामा, कागद कोरा सोडतात. तोच पांढरा.

मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी माझी सासू लग्नाआधी माझ्या पगाराचा आकडा ऐकून पाहत होती. "म्हणजे पैसे वाचतात."

आता इथं मला थोडं बोलायचंय, कारण मामांशी बोलता आलं नाही. मी मुळात अर्ध्यावर गप्प होणारा माणूस. घरी यावरून रोज ऐकतो. तेलरंग मी दोन वर्षं केले. त्यात चुकलं की वरून थर द्यायचा, पुन्हा चुकलं की पुन्हा थर. ते बडबड्या माणसाचं काम. जलरंगात काय सांगायचं नाही ते आधी ठरवावं लागतं. लखलखतं पाणी काढायचं तर लखलखाट सोडून बाकी सगळं रंगवायचं. हे मला जमतं. बाकी फारसं काही जमत नाही. पण नातेवाईक विचारणार, "अजून वॉटरकलरच? ऑइलवर कधी येणार?" जणू मी बालवाडीत अडकलोय. आणि विकत घेणारे म्हणणार, कागदावरच आहे ना, मग एवढी किंमत कशी? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी शाहू महाराज गेल्यावर आपली चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडून दिली असं सांगतात. दुःखानं, म्हणतात. मला हल्ली शंका येते की काठावर कुणी छत्रीवाले मामा उभे असावेत.

असो. मामांचा शेवटचा प्रश्न होता, "सही मराठीत करणार का कन्नडात?" मी इंग्रजीत करतो. सीमाभागात पन्नाशी गाठलेला माणूस एवढं शिकतोच.

तेवढ्यात घरून फोन आला. रेंज नव्हती म्हणून दहा पावलं बाजूला गेलो. कोथिंबीर आणायची होती, म्हणजे हा दिवसच कोथिंबिरीचा. मिनिटभरात परत आलो तर मामा वाकलेले, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, हातात माझा दहा नंबरचा ब्रश. तळ्याच्या मधोमध मी राखलेली उन्हाची पट्टी, सगळं चित्र जिच्यासाठी मांडलं होतं ती, निळी होऊन बसलेली.

"तळ्यात भोक दिसूलालं होतं," मामा म्हणाले. "भरलो."

अल्ट्रामरीन असता तर ओल्या ब्रशनं बराचसा उचलता आला असता. मामांनी डब्यातल्या दोन निळ्यांतून बरोबर थॅलो ब्लू निवडला होता. तो कागदात मुरतो आणि कायमचा मुक्काम करतो. टिश्यूनं टिपला, स्पंज फिरवला. कागदाची साल निघायला लागली, निळा जागचा हलला नाही. तीनशे जीएसएमचा सुती कागद होता, हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. मामा म्हणाले, "जाड हाय, चांगला हाय."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिनं चित्र लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "कोथिंबीर?"

काल जिद्दीनं पुन्हा तिथंच गेलो. मामा होतेच, सोबत सात-आठ वर्षांचा नातू. त्याला म्हणाले, "हे सर. त्या दिवशी आम्ही दोघं मिळून तळं काढलो की नाही, तेच हे." मग माझ्या कोऱ्या कागदाकडे पाहून बाह्या सरसावत विचारलं, "आज कुठलं भरायचं हाय वो?"