आधी आडनाव सांगा!

कोथरूड असो की वाकड, भाड्याचा फ्लॅट बघायला गेलं की एजंटचा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" डिपॉझिट, कमिशन, ११ महिन्यांचा करार, सगळ्याला आपण तयार. पण आडनाव ऐकलं की "मालकांना विचारून कळवतो", आणि नंतर फोनच उचलत नाही. ऑफिसातल्या मणिपुरी मुलीला तर चेहरा बघूनच दारातून परत पाठवलं. अरे, माणसं आहोत ना आम्ही?

जात-धर्मावरून भेदभावाला बंदी घालणाऱ्या संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत. खासगी घरमालक नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टानेही एका सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम मान्य केला. दाद मागायची कुठे? आणि जो घर देतो तो भाडं वाढवून मागतो, कारण आम्हाला दुसरीकडे कुणी उभं करणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं.