उरलेल्या जागेतला संडास

काल रात्री मैदानावरच्या कार्यक्रमात ४० मिनिटं संडासाच्या रांगेत उभी होते. आईला घेऊन. तिचे गुडघे गेलेत, हे तिला चालताना पाहिलं की कुणालाही कळतं. मैदानावर हजारो माणसं. स्टेज केवढं, रोषणाई केवढी, साउंडच्या भिंती केवढ्या! आणि बायकांसाठी फिरती टॉयलेटं सहा. तीही मैदानाच्या पार टोकाला, जनरेटरच्या मागे, मिट्ट काळोखात. सहातल्या एकाची कडी तुटलेली, एक तुडुंब भरलेलं. उरली चार.

एकीला आत जाऊन बाहेर यायला ३ मिनिटं धरली, तर एका टॉयलेटमध्ये तासाला २० जणी होतात. चारांत ८०. हा गुणाकार शाळेतलं पोर करेल. मध्यंतरात सगळ्या एकदमच येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मग हे गणित कार्यक्रम ठरवताना कुणीच का केलं नाही? मी तिथल्या स्वयंसेवकाला विचारलं तर म्हणाला, "ताई, जेन्ट्स आणि लेडीज दोन्हीकडे सारखीच ठेवलीत." सारखीच! त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता, त्या पोराने थोडीच ऑर्डर दिली होती. पण ज्याने दिली त्याला मला विचारायचंय. बाईला प्रत्येक वेळी आत जाऊन कडी लावावी लागते, कपडे सावरावे लागतात, बसावं लागतं. पाळी असते, पोट आलेलं असतं, कडेवर लेकरू असतं. पुरुषांपेक्षा दीडपट-दुप्पट वेळ लागतो आणि तो लागणारच. दोन्हीकडे सारखी संख्या ठेवली म्हणजे बायकांची रांग ठरवून लांबवली. शाळा, ऑफिसं, नाट्यगृहं, सगळीकडे हेच. तेवढ्याच जागेत पुरुषांकडे चार युरिनल जास्त बसतात, आणि नकाशावर दोन्ही चौकोन सारखे दिसतात म्हणून सगळे खूश.

आणि रांग संपल्यावर आत काय? त्या प्लास्टिकच्या खोक्यात पाण्याने वाहून जाणं नसतं. खाली टाकी असते, तिच्यात वास आणि जंतू दाबणारं निळं औषध घातलेलं पाणी. ते हिरवट-तपकिरी दिसायला लागलं की समजायचं, औषधाचा जोर संपला, टाकी उपसायची वेळ झाली. काल ते रात्री आठलाच तसं झालं होतं आणि कार्यक्रम अकरापर्यंत होता. टाकीतून एक पाइप छताच्या वर काढलेला असतो, घाण हवा तिथून बाहेर जावी म्हणून. पण कमोडचं झाकण उघडं राहिलं की तीच हवा सरळ आपल्या तोंडावर येते. 'झाकण बंद करा' एवढा कागद चिकटवायला काय जात होतं? पर्स अडकवायला हूक नाही. धरायला दांडी नाही. आत चढायला एवढी उंच पायरी, आईला मी मागून अक्षरशः उचलून चढवलं. हात धुवायच्या टाकीला नळ होता, पाणी नव्हतं.

रांगेतच मला कळलं की आई दुपारपासून पाण्याचा घोटही प्यायली नव्हती. मुद्दाम. बाहेर जायचं म्हटलं की ती असंच करते, म्हणे वर्षानुवर्षं. माझं रक्त तेव्हा उकळलं ते अजून उकळतंय. बाईने संडासाच्या भीतीने तहान मारायची, मग लघवीला जळजळ, मग डॉक्टर. आणि संयुक्त राष्ट्रांनी स्वच्छतागृहाला माणसाचा हक्क म्हणून २०१० सालीच मान्यता दिलीय! कागदावर हक्क आणि मैदानावर जनरेटरच्या मागचा काळोख.

मैदानाचं एक वेळ सोडा, एका रात्रीचा प्रश्न म्हणू. घरात बांधून ठेवलेल्या बाथरूमचं काय? आमचं ४ बाय ६ फूट. लहान आहे म्हणून माझी तक्रार नाही, तेवढ्या जागेत नीट बाथरूम होतं. पण आधी हॉल, बेडरूम, किचन आखायचं आणि जो तुकडा उरेल तो बाथरूमच्या गळ्यात मारायचा, ही पद्धत. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान १५ इंच लागतात. आमच्याकडे ११ आहेत, कोपर घासतं. फरशीला मीटरमागे १०-२० मिलिमीटर उतार हवा, आणि तो नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी गटारात नेणाऱ्या फरशीतल्या जाळीकडे हवा. आमचा उतार दाराकडे! रोज अंघोळीनंतर वायपर मारून पाणी उलटं चढवत न्यायचं. बारा वर्षं. ट्रॅप आहे तो कमोडच्या मागे, जिथे हात पोचत नाही. बरेच दिवस गावाला गेलो की त्यातलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास घरभर. ट्रॅपमध्ये साठून राहणाऱ्या त्या दोन इंच पाण्यानेच हा वास अडलेला असतो.

आणि ते दार. आत उघडणारं दार. अर्धं उघडलं की कमोडला अडतं, माणसाने आडवं होऊन शिरायचं. मागच्या वर्षी बाबांना आत चक्कर आली. पडले ते दाराला टेकूनच. आतून नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. दार ढकलावं तर त्यांच्याच डोक्याला लागणार, नाही ढकलावं तर आत जायचं कसं? शेवटी शेजारच्या काकांनी झरोक्याच्या काचपट्ट्या काढल्या, त्यांचा काटकुळा मुलगा त्यातून आत उतरला आणि बाबांना सरकवून दार उघडलं. वीस मिनिटं गेली. बाबा वाचले. दुसरीकडे कुणी वाचलं नसेल.

आता ते दार आम्ही बाहेर उघडणारं करून घेतलंय. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवली. सुताराला किती वेळ लागला माहितीये? अर्धा दिवस. अर्ध्या दिवसाचं काम! इमारत बांधताना तर तेवढंही नाही, बिजागरी या बाजूऐवजी त्या बाजूला लावायची, बस. ज्याने तो नकाशा काढला त्याने एकदा, फक्त एकदा, मनातल्या मनात त्या बाथरूममध्ये म्हातारा माणूस उभा करून बघायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात आणखी एक कार्यक्रम आहे, आईच्या आवडत्या गायिकेचा. तिकिटं काढायला फोन हातात घेतला तर तिने आधी विचारलं, "तिथे संडासाची सोय कशी आहे?" मला माहीत नव्हतं. "मग तू जा," म्हणाली, "मी नाही येत."